टपावर अँटेना, आत सिमचा राउटर: विदर्भात गाडीतला टीव्ही नेटवर चालवायचा तर

नागपूरहून कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन ताडोबा, पेंच किंवा शेगाव-लोणार-चिखलदरा करणारी कुटुंबं आता अधूनमधून दिसतात. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेणारेही आहेत. राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्येच आणलं. गाडी तयार करून देणारा बत्तीस इंची टीव्ही लावून देतो आणि नेटचं विचारलं की सांगतो, "सिम टाकायचं, झालं." नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत ते खरं असतं.

इथे पारख केलेला संच असा: सिम घालायचा साधा ४जी राउटर, टपावर बसणारा दोन केबलींचा अँटेना आणि गाडीच्या बॅटरीवरून दिलेली वीज. राउटर तीन ते पाच हजारांत येतो, अँटेना आणि केबल मिळून साधारण तेवढेच. टीपी-लिंकचा टीएल-एमआर६४०० हा या जातीतला जुना, सगळीकडे मिळणारा नमुना. कॅट-४ मोडेम, म्हणजे कागदावर १५० एमबीपीएस. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, मागे दोन काढता येणारे अँटेना. गाडीच्या एवढ्याशा जागेत याहून जास्त वायफाय लागत नाही. संच कामाचा आहे, घ्यावा. मात्र जास्तीचे पैसे राउटरवर घालू नयेत. केबल, अँटेनाची जागा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम यांत मात्र हात आखडता घेतला तर संध्याकाळी पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं.

आधी एक गोष्ट तपासा, कदाचित खर्चच वाचेल. गेल्या चार-पाच वर्षांतला बरा फोन एकाच वेळी दोन-तीन बँड, म्हणजे लहरींचे ठरलेले पट्टे, जोडून डेटा ओढतो, त्याला कॅरिअर ॲग्रिगेशन म्हणतात. कॅट-४ राउटरला हे जमत नाही, तो एका वेळी एकाच बँडवर असतो. त्यामुळे टॉवर जवळ असेल तर काचेपाशी ठेवलेल्या फोनचा हॉटस्पॉट राउटरपेक्षा जोरात चालतो, हे पाहून पुष्कळांना राउटर खराब निघाला असं वाटतं. ताडोबाच्या मोहर्ली गेटबाहेर रिसॉर्टच्या आवारात गाडी उभी करायची आणि रात्री एक सिनेमा पाहायचा, एवढ्यासाठी हॉटस्पॉट पुरतो. राउटरचा उपयोग सुरू होतो तो टॉवर लांब गेला की. कारण फोनला बाहेरचा अँटेना जोडता येत नाही, आणि गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. टपावर आणि आतल्या पलंगावर मिळणाऱ्या सिग्नलमध्ये १० ते १५ डीबीचा (सिग्नलच्या जोराचं माप) फरक सहज पडतो. १० डीबी म्हणजे दहापट. काचांना धातूचा मुलामा असलेली फिल्म लावली असेल तर आणखी जातो.

खरेदी करताना बॉक्सवरचे बँड वाचा. हे काम दुकानदारावर सोडू नका, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत बँड बदललेले असतात आणि ऑनलाइन यादीत ते धड लिहिलेले नसतात. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. यातला ५ हा ८५० मेगाहर्ट्झचा. लांब जाणारा, झाडीतून शिरणारा तोच. युरोपसाठी बनलेल्या काही राउटरांत नेमका तोच नसतो, आणि मग फोनवर जिओच्या दांड्या दिसतात पण राउटर 'नो सर्व्हिस' म्हणत बसतो. एअरटेलसाठी १, ३, ८ आणि ४० पाहा. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड २८ आणि १. गडचिरोलीकडे जाणार असाल तर बँड २८ हवाच.

सिम बसवतानाची एक बारीक अडचण. काही राउटरांचा खाचा मायक्रो सिमचा असतो आणि लोक नॅनो सिम प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवून घालतात. मे महिन्याच्या उन्हात ती चौकट वाकते, खड्ड्यांत सिम सरकतं आणि राउटर 'सिम नाही' म्हणतो. नवीन सिम तिन्ही मापांचं कापलेलं येतं, ते मायक्रोच्या रेषेवरच तोडून घ्यावं. नेट आपोआप चालू झालं नाही तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव, हातानं भरा: जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. जिओसाठी आयपी प्रकार 'आयपीव्ही४/आयपीव्ही६' असा दोन्ही ठेवा.

आता अँटेना, जिथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. ४जीला दोन अँटेना लागतात आणि दोन्ही केबल जोडाव्या लागतात. एकच लावून दुसरं भोक रिकामं ठेवलं तर वेग साधारण निम्म्यावर येतो. टपावरचा चपटा, सगळ्या दिशांचा अँटेना चालत्या गाडीला आणि रोज जागा बदलणाऱ्याला बरा. एका जागी दोन-तीन मुक्काम करायचे असतील तर दिशा धरणारा पॅनेल अँटेना ३ ते ४ मीटरच्या दुमडत्या पाईपवर चढवावा. पाईप उभा करण्याआधी मान वर करून पाहा. शेतातल्या पंपांच्या तारा लोंबकळलेल्या असतात, आणि ११ केव्हीच्या लाईनला पाईप टेकला तर नेटची चिंता उरत नाही.

अँटेनासोबत येणारी दहा मीटरची बारीक केबल हा या संचातला सगळ्यात कच्चा दुवा. आरजी-५८ जातीची केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण पाऊण डीबी खाते, २३०० ला त्याहून जास्त. दहा मीटर म्हणजे ७ ते ८ डीबी. अँटेनावर '९ डीबी' छापलेलं असतं, ते खरं मानलं तरी हातात दीड-दोन उरतात. कमी तोट्याची एलएमआर-२०० केबल घेतली तर मीटरमागे अर्ध्या डीबीच्या आत, एलएमआर-४०० घेतली तर ०.२ च्या आसपास, पण ती बोटाएवढी जाड आणि वाकवायला हट्टी. गाडीसाठी उत्तम मार्ग म्हणजे एलएमआर-२०० आणि लांबी ३ मीटरच्या आत, राउटर अँटेनाच्या बरोबर खाली. उरलेलं अंतर साध्या नेटवर्क केबलनं टीव्हीपर्यंत न्यावं, त्यात काही झिजत नाही. जास्तीची केबल वेटोळं करून ठेवली तरी तोटा तेवढाच होतो, ती कापून नवीन पिन लावून घ्यावी. पिन एसएमए आहे की आरपी-एसएमए हेही पाहा. दोन्हींचे आटे एकमेकांवर फिरतात, घट्टही बसतात, पण मधली सुई नसते आणि सिग्नल आत येत नाही. ४जीच्या पिना बहुधा एसएमए असतात, वायफायच्या आरपी-एसएमए.

केबल आत घेण्यासाठी दाराच्या रबरातून चिरडून घेऊ नका, दाबलेली केबल कायमची बिघडते. टपाला भोक, रबरी ग्रोमेट, वरून सिलिकॉन. बाहेरच्या जोडावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळतात, तिचा डिंक आपल्याकडच्या उन्हात वितळतो आणि पहिल्या पावसात पाणी आत. स्वतःतच चिकटणारी रबरी सेल्फ-ॲमल्गमेटिंग टेप वापरा. जोडाच्या आधी केबलला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. वानरांचा उपाय मात्र टेपमध्ये नाही. मेळघाटात आणि मंदिरांच्या आवारात उभा अँटेना ती उपटतात. मुक्काम दिवसाउजेडी असेल तर पाईप खाली घ्या.

'बूस्टर' नावानं जी डबी विकतात, म्हणजे बाहेरचा सिग्नल पकडून, वाढवून पुन्हा हवेत सोडणारा रिपीटर, ती परवान्याशिवाय ठेवणं आणि वापरणं बेकायदेशीर आहे. वर शेजारच्या टॉवरला गोंगाट होतो तो वेगळाच. राउटरला जोडलेला साधा अँटेना या बंदीत येत नाही.

सिग्नल मोजायला दांड्या पाहू नका. राउटरच्या पानावर किंवा फोनवर नेटमॉन्स्टरसारख्या ॲपमध्ये दोन आकडे असतात. आरएसआरपी म्हणजे जोर: उणे ९० च्या आसपास छान, उणे १०० चालतं, उणे ११० च्या पुढे फारसा अर्थ नाही. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती स्वच्छ: १५ च्या वर उत्तम, ५ ते १० मध्ये टीव्ही निघतो, शून्याखाली नाही. दोहोंत एसआयएनआर महत्त्वाचा. चिखलदऱ्याला हे नीट कळतं. पठाराच्या कडेला गाडी लावली की खाली परतवाडा-अचलपूरचं सगळं मैदान उघडं, दहा ठिकाणचे टॉवर एकदम ऐकू येतात, आरएसआरपी झकास आणि एसआयएनआर शून्याला टेकलेला. जत्रेत दहा भोंगे एकाच वेळी वाजावेत तसं. तिथे चौफेर अँटेना उलट नुकसान करतो. गाडी कड्यापासून थोडी मागे घ्यावी, म्हणजे जमिनीचा उंचवटा काही टॉवर झाकतो, किंवा पॅनेल अँटेना एका टॉवरकडे रोखावा. पॅनेल फिरवण्याची रीत अशी: एका वेळी साधारण २० अंश, मग अर्धा मिनिट थांबून एसआयएनआर वाचायचा, पूर्ण फेरी झाली की सगळ्यात चांगल्या दिशेला परत येऊन ५-५ अंशांनी बारीक जुळवायचं. घाईघाईनं फिरवलं तर राउटरचा आकडा मागेच राहतो.

सेमाडोह-हरिसालकडे अडचण उलटी. सिपना नदीच्या खोऱ्यात डोंगर आडवा येतो आणि अँटेना कितीही भारी असला तरी डोंगरातून काही येत नाही. वस्तीजवळ किंवा चढावर गाडी लावणं हाच इलाज. सागवनात ऋतूचाही फरक पडतो. उन्हाळ्यात सागाची पानं गळालेली असतात, श्रावणात तीच झाडं ओल्या रुंद पानांनी भरतात, आणि मे महिन्यात चाललेली जागा ऑगस्टमध्ये चालेलच असं नाही. समृद्धी महामार्गावर रस्ता गावं टाळून जातो, टॉवर गावांकडे असतात, गाडी वेगात. चालू गाडीत मागच्यांनी पाहायचं असेल तर आधी डाउनलोड केलेलंच पाहावं. गडचिरोलीत दोन गावांमधल्या जंगलात काहीच मिळत नाही हे धरून चाला. नक्षलग्रस्त भागासाठीच्या सरकारी योजनेतले पहिल्या टप्प्याचे टॉवर बीएसएनएलकडे आहेत, म्हणून तिकडे जाताना खिशात बीएसएनएलचं सिम असावं.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं हा राउटरच्या वरच्या मॉडेलपेक्षा जास्त उपयोगी खर्च. एकाच कंपनीची दोन घेतली तर टॉवरही तोच, गर्दीही तीच. आणि गर्दी हाच ग्रामीण भागातला खरा शत्रू. दुपारी तीनला वेग मोजून गाडी लावायची आणि साडेसातला सामना सुरू झाला की तक्रार करायची, असं होतं. सिग्नलच्या जोराचे आकडे दुपारचेच असतात, फक्त गावातले सगळे फोन त्याच टॉवरवर बसलेले असतात. मोजायचं तर रात्री आठ ते दहा. गर्दीच्या वेळी राउटर आपणहून बँड ५ ला चिकटलेला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बँड ३ किंवा ४० वर कुलूप लावून पाहा. जोर कमी दिसेल पण रस्ता रुंद असतो. बँडचं कुलूप सगळ्या राउटरांत नसतं, घेण्याआधी विचारा. आणि गावाची लाईन गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरीही बसते. सगळ्या दांड्या एकदम गेल्या तर राउटर उघडून बसू नका, आधी गावात दिवे आहेत का पाहा.

उष्णता. बहुतेक घरगुती राउटरांच्या कागदावर ४० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. चंद्रपूर मे महिन्यात ४६-४७ ला जातं आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून बरंच वर. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टपाजवळच्या कपाटात ठेवलेला राउटर दर अर्ध्या तासाला नेट सोडतो, सिम दिसेनासं होतं, संध्याकाळी पुन्हा ठीक. लोक कंपनीला दोष देतात. राउटर खालच्या बाजूला, सीटच्या कडेला, चारही बाजूंनी हवा लागेल असा उभा बसवा आणि शेजारी कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा लावा. पाईपवर डबीत बंद करून राउटरच वर चढवण्याची युक्ती हिवाळ्यात छान, उन्हाळ्यात नाही.

विजेचं सोपं आहे, पण नेमकं करावं लागतं. राउटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट आहे की १२, ते वाचा. १२ लिहिलेलं असलं तरी थेट बॅटरीला जोडू नका: इंजिन चालू असताना तिथे १४ च्या वर असतात आणि सेल्फ मारताना १० च्या खाली येतात, तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. १२ व्होल्टच्या राउटरला बक-बूस्ट जातीचा (व्होल्ट कमी-जास्त करून स्थिर ठेवणारा) कन्व्हर्टर, ९ च्याला साधा बक (फक्त कमी करणारा) कन्व्हर्टर पुरतो, बॅटरीजवळ ३ अँपिअरचा फ्यूज. राउटर ६ ते ८ वॉट, बत्तीस इंची एलईडी ४० ते ५०, टीव्हीला नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक ४-५; एकूण ६० धरा. १०० एएचची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तर ६०० वॉट-तास, म्हणजे दहा तास. टीव्ही इन्व्हर्टरवर असेल तर आठ. स्टिकला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका, तिथून अर्धाच अँपिअर मिळतो आणि स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. वेगळा ५ व्होल्टचा चार्जर लावा.

डेटाचा हिशेब कागदावर करता येतो. २ एमबीपीएसचं चित्र तासाला ०.९ जीबी, ५ चं २.२५, आणि ४के साठी १५ लागले तर पावणेसात. साडेतीन तासांचा टी-२० सामना २ एमबीपीएसनं पाहिला तरी तीन जीबीच्या वर जातो. रोजच्या २ जीबीच्या प्लॅनवर दुसरा डाव सुरू होऊन चारेक षटकं होतात न होतात तोच कोटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो, तो रात्री बारापर्यंत. म्हणून ॲपमध्ये दर्जा 'ऑटो'वर सोडू नका. बत्तीस इंचाला सहा फुटांवरून ७२०पी भरपूर. फायर टीव्हीत 'डेटा मॉनिटरिंग'मधून चित्राचा दर्जा खाली आणता येतो, टीव्हीचे आपोआप अपडेट बंद करा. आणि ज्याकडे कोणी पाहत नाही ते: घरच्यांचे फोन राउटरला जोडले की त्यांना घरचं वायफाय मिळाल्यासारखं वाटतं आणि सफारीचे सगळे फोटो-व्हिडिओ बॅकअपला लागतात. प्रत्येक फोनवर हे वायफाय 'मीटर्ड', म्हणजे मोजका डेटा असलेलं, करून ठेवा. रिचार्जसोबत मिळालेलं ओटीटी फक्त मोबाईलपुरतं असेल तर टीव्हीवर उघडणार नाही, हेही घरीच पाहून निघावं.

एअरफायबरची, म्हणजे टॉवरवरून घरी मिळणाऱ्या बिनतारी ब्रॉडबँडची, जोडणी गाडीत हलवून नेऊ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ती दिलेल्या पत्त्यासाठी असते, आणि ती ज्या टॉवरवर अवलंबून तो रानात नसतोच.

नेट अजिबात नसेल तिथे डीडी फ्री डिश. महिन्याचा खर्च शून्य, आणि राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने २००७ च्या कायद्यानुसार दूरदर्शनला मिळतात. ६० सेंटिमीटरची छत्री, साधा सेट-टॉप बॉक्स, आणि उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. नागपूरच्या आसपास छत्रीचं तोंड दक्षिण-पूर्वेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं साधारण १४५ अंश, आणि चढ ६० अंश. फोनचा कंपास गाडीच्या पत्र्याजवळ चुकतो, चार पावलं लांब जाऊन दिशा घ्या. झाड त्या बाजूला नको, एवढं पाहून गाडी लावली तर छत्री दहा-पंधरा मिनिटांत लागते. वीज कडाडायला लागली की छत्री आणि अँटेना दोन्हींच्या केबल मागून काढून ठेवा.